गच्चीवरचा वारा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कुणी विदुषी बोलवावी आणि आपण सगळ्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता. यंदा तो मोडून कार्यकारिणीने मला उभे केले आहे. त्याला कारण माझी विद्वत्ता नव्हे, एक कागद आहे.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या खोलीवर येऊन गेले, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. मोठे गोडबोले गृहस्थ. आपल्या इमारतीच्या गच्चीवर एक किलोवॅटची पवनचक्की बसवावी, खाली बॅटऱ्या ठेवाव्यात, आणि मंडळाच्या खोलीतले दिवे, पंखे, इतकेच काय भाजणीची चक्कीसुद्धा वाऱ्यावर चालवावी, असा त्यांचा प्रस्ताव आहे. बिल शून्य होईल असेही त्यात लिहिले आहे. त्यासाठी आपली दोन लाखांची ठेव मोडावी लागेल. ही ठेव कशी जमली ते मी सांगायला नको. अकरा दिवाळ्यांचा फराळ, पापड, भाजणी आणि मेतकूट यांतून एकेक रुपया बाजूला पडत गेला, त्याची ती ठेव आहे. तेव्हा कुणीतरी म्हणाले, "अहो, यांच्या गावच्या घरी पवनचक्की आहे, त्यांना विचारा की!" म्हणून मी इथे उभी आहे.

उत्तर मी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घरी कुकर लावायचा आहे त्यांचा खोळंबा होणार नाही. गावी मी पवनचक्की बसवली, आणि उद्या ती पडली तर पुन्हा उभी करीन. इथे बोरिवलीत बसवू नये. आता एकच बाई एकाच तोंडाने अशा दोन गोष्टी का बोलते, ते ऐका.

आमचे सासर देवगड तालुक्यात. घर वाडीत, म्हणजे माडांच्या आणि हापूसच्या कलमांच्या दाटीत, आणि मागे चढून गेले की उघडा सडा. सासूबाई तिथे एकट्या राहतात. मुंबईला चला म्हटले की त्यांच्या गुडघ्यात कळ येते. गुडघे एरवी सडा चढून जातात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून वर सरकले, तेव्हा आमच्या बाजूचे विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्या घरी अकरा दिवस वीज नव्हती. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि रोज इन्शुलिन घेणाऱ्या. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या थंडाव्यात ठेवाव्या लागतात, आणि फ्रीज तर बंद. त्यांनी ओल्या वाळूत मडके पुरून त्यात त्या ठेवल्या आणि अकरा दिवस निभावले. आम्ही उभयतां इकडे फोन लावून लावून थकलो, कारण टॉवरचीही वीज गेलेली. बाराव्या दिवशी त्यांचा आवाज ऐकला आणि मी ठरवले की या घराला स्वतःची वीज पाहिजे.

देवगडच्या माणसाला पवनचक्की नवी नाही. भारतात १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांवर पवनचक्क्यांचे पहिले समूह प्रयोगादाखल उभे राहिले, पंचावन्न किलोवॅटच्या यंत्रांचे. देवगडच्या कड्यावरच्या पवनचक्क्या तर लोक सहलीला येऊन पाहतात. तेव्हा आमच्या यजमानांनी आणि मी विचार केला की जिथे एवढाल्या चालल्या तिथे आपली लहानशी चालेलच. विचार बरोबर होता. जागा चुकली.

ती चूक सर्वस्वी माझी, आणि ती सांगायलाच मी आज आले आहे. यंत्र एक किलोवॅटचे, पात्यांचा घेर तीन मीटर. मी म्हटले, तार कमी लागेल, डोळ्यांसमोर राहील, म्हणून न्हाणीघराला लागून वीस फुटी लोखंडी नळावर बसवू. भोवती माड. पाती फिरत, पण कशी? आत्ता पूर्वेला तोंड, घटकेत पश्चिमेला, मध्येच थबकून उलटी. माडांना आपटून आलेला वारा हा वारा नसतोच, ती नुसती घुसळण असते. पावसाळ्यात थोडीफार वीज आली. ऑक्टोबरात वारा पडला आणि बॅटऱ्या रोज रात्री तळाला जाऊ लागल्या. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली रोज उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने सरते. वर्षभरात चार बॅटऱ्या निकामी झाल्या. सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "गो, वारो काय तुझो गडी आसा, हाक मारलंस काय येवक?"

मग मात्र मी शहाणपण शिकले, आणि तेही सासूबाईंच्याच हातून. वाऱ्याचा वेग मोजायचे चार वाट्यांचे एक लहान यंत्र मिळते, त्याला वायुमापक म्हणतात. तशी दोन घेतली. एक वाडीत बांबूवर, एक सड्यावर बांबूवर. सासूबाई सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच वाजता दोन्हीकडचे आकडे दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहीत. पाच महिने त्यांनी एक दिवस चुकवला नाही. वाडीत दोन असेल तेव्हा सड्यावर चार असायचे, मीटर दर सेकंदाला. दोनाचे चार, म्हणजे वीज दुप्पट असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हटले होते. पण ती दुप्पट नसते, आठपट असते.

भगिनींनो, या सगळ्या व्यवहाराची किल्ली इथे आहे, म्हणून थोडे गणित करू. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर शक्ती दोन गुणिले दोन गुणिले दोन. का? एक तर जोराचा वारा प्रत्येक कणामागे जास्त ऊर्जा आणतो, ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि दुसरे, तो जोरात असल्यामुळे तेवढ्याच वेळात जास्त हवा पात्यांमधून जाते. शिवाय ती सगळी शक्ती काढून घेता येत नाही, कारण हवा पात्यांच्या पलीकडे वाहती राहिली पाहिजे. अडली तर मागची येणार कुठून? आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले की कितीही उत्तम यंत्र केले तरी शंभरातले एकोणसाठ भागच हाती येतात. घरगुती लहान यंत्राला पंचवीस-तीस मिळाले तरी पुष्कळ.

आता आमचे तीन मीटर घेराचे यंत्र घ्या. पंचवीस टक्के धरले तर दहा मीटरच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटर, ते सुमारे एक हजार वॅट देते. म्हणून त्याचे नाव एक किलोवॅट. पाच मीटरच्या वाऱ्यात निम्मे देत नाही, सुमारे एकशे तीस वॅट देते. आणि तीन मीटरच्या वाऱ्यात अठ्ठावीस वॅट, तेही फिरायला तयार झाले तर. त्या गृहस्थांच्या कागदावर लिहिले आहे, "एक किलोवॅट, चोवीस तास, दिवसाला चोवीस युनिट." हे म्हणजे सून एका तासात शंभर पापड लाटते म्हणून दिवसाला चोवीसशे लाटील, असे म्हणण्यापैकी झाले. दिवसभर ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा घोंघावत असेल अशा जागी माणसे घरे बांधीत नाहीत.

आमच्याकडे २०२३ च्या उन्हाळ्यात खांब सड्यावर नेला. पात्यांचे खालचे टोक आसपासच्या दीडशे मीटरांतल्या सर्वांत उंच झाडाहून किंवा घराहून निदान नऊ-दहा मीटर वर असावे, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. सड्यावर झाडे नाहीत, तरी आम्ही अठरा मीटरचा खांब घेतला. जांभा फोडून पाया, चारी बाजूंनी ताणाच्या तारा, आणि खांबाच्या बुडाशी बिजागरी, म्हणजे चेनपुलीने अख्खा खांब आडवा करता येतो. हे फार महत्त्वाचे. दुरुस्तीसाठी कुणा गड्याला साठ फुटांवर चढवायचे नाही, आणि वादळाची सूचना आली की खांब निजवून ठेवायचा. वाडीतली सहा माणसे लागतात आणि पाऊण तास.

खर्चाचे विचाराल तर पाती आणि यंत्र यांचा भाग लहान निघाला. पैसा गेला खांबात, पायात, सड्यापासून घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेत आणि बॅटऱ्यांत. बॅटऱ्यांच्या शेजारी एक नियंत्रक पेटी असते. बॅटऱ्या भरल्या की ती जादा वीज एका तापणाऱ्या तारेत जिरवते. ही सोय नसेल तर भार सुटलेले यंत्र वादळात बेफाम फिरते आणि पाती उडतात. खारी हवा लोखंड खाते, म्हणून दर वर्षी मे महिन्यात खांब निजवून बोल्ट तपासणे, रंग लावणे, ताण आवळणे आले. कुणी "एकदा बसवले की बघायला नको" म्हणाले तर समजा की तो माणूस बसवून गेल्यावर परत येणार नाही.

आणि तरीही नुसत्या वाऱ्यावर आमचे भागले नाही. कोकणात वारा पावसाळ्याचा. जून ते ऑगस्ट आमचे यंत्र दिवसाला चार-पाच युनिट देते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्धे युनिटही कठीण. म्हणून कौलांवर सहाशे वॅटच्या सौर तबकड्या घातल्या. स्वच्छ उन्हात त्या दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट देतात, आणि आभाळ भरले की मलूल होतात. तेव्हा वारा येतो. दोघे जणू पाळीपाळीने कामावर येणाऱ्या जावा. घराची गरज म्हणाल तर लहान फ्रीज, पाच दिवे, कमी वीज खाणारा एक पंखा, मिळून दिवसाला दीड युनिट. बॅटऱ्यांत सात युनिट मावतात, त्यांतले निम्मेच वापरायचे असा दंडक आहे, म्हणजे वारा नाही, ऊन नाही असे दोन दिवस निघतात. विहिरीचा पंप त्यावर चालवायचा नाही. ही शिस्त सासूबाई पाळतात. आम्ही गणपतीला गेलो की आम्हीच मोडतो आणि बोलणी खातो.

आता बोरिवलीकडे येऊ. मलाही मोह झाला होता, हे कबूल करते. गावचे यंत्र चालू लागल्यावर वाटले, इथे गच्ची सात मजले वर आहे, खांबाचा खर्च वाचला. पण तोंड पोळले होते. म्हणून त्या दोन वायुमापकांपैकी एक इथे आणले, सेक्रेटरींची परवानगी काढली आणि २०२४ सालभर पाण्याच्या टाकीवर बांबू बांधून रोज तीन वेळा आकडे लिहिले. माझ्या या उद्योगाला वाळवणे राखणाऱ्या काही भगिनी हसत असत. त्यांपैकी दोघींनी मी गावी असताना आकडे लिहून ठेवले, त्यांचे आभार.

वही इथे आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शून्य ते एक. मतलई वारा नावाला. दुपारी खारा वारा सुटला की दोन, क्वचित तीन. एप्रिल-मे च्या दुपारी तीन, एखादे दिवशी चार. जुलैमध्ये पाच-सहा, मध्येच नऊचा झोत, आणि दुसऱ्या मिनिटाला दोन. शिवाय पश्चिमेला गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले मनोरे आपण पाहतोच. समुद्राकडून येणारा वारा त्यांना आपटून, फाटून आपल्या गच्चीवर येतो. गावी माडांनी केले तेच इथे मनोरे करतात. तेवीस मजल्यांच्या शेजारी सात मजले म्हणजे वाडीच झाली, सडा नव्हे.

हे माझ्या एकटीचे म्हणणे नाही. इंग्लंडात वॉरिक येथील मंडळींनी २००७-०८ साली घरांवर आणि इमारतींवर बसवलेल्या सव्वीस लहान पवनचक्क्यांची वर्षभर मोजणी केली. सरासरी एका यंत्रामागे दिवसाला दोनशे चौदा वॅट-तास निघाले, म्हणजे एक युनिट व्हायला साडेचार दिवसांहून अधिक. उंच इमारतींवरची यंत्रे चांगली चालली, पण वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली आणि ती बंद ठेवावी लागली. आपल्या सातव्या मजल्यावर तान्ही मुले आहेत, आणि जुन्या स्लॅबला पडलेल्या चिरा पावसाळ्यात आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. फिरत्या यंत्राची थरथर स्लॅबमध्ये उतरते.

गृहस्थ म्हणतील, आमचे यंत्र उभ्या आसाचे आहे, ते कुठल्याही दिशेच्या वाऱ्यावर फिरते. फिरत असेल. फिरणे आणि वीज देणे निराळे. दिशा कुठलीही असो, वाऱ्यात शक्तीच नसेल तर यंत्र ती आणणार कुठून? आपली भाजणीची चक्की एक अश्वशक्तीची, म्हणजे साडेसातशे वॅटची. तीन मीटरच्या वाऱ्यात अठ्ठावीस वॅट मिळतात. नाव पवनचक्की खरे, पण त्यावर आपली चक्की नाही चालायची, तीन दिवे लागतील.

मला कुणी वाऱ्याची वैरीण समजू नये. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकांनी १८८७ साली मेरीकर्क गावी आपल्या सुटीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि त्यावर बॅटऱ्या भरून घरात दिवे लावले. उरलेली वीज रस्त्याच्या दिव्यांसाठी गावाला देऊ केली, तर गावकरी म्हणाले, ही सैतानाची करणी आहे, आम्हाला नको! अलीकडे २००२ च्या सुमारास आफ्रिकेतल्या मलावी देशात विल्यम काम्क्वाम्बा या चौदा वर्षांच्या मुलाने, फी भरता न आल्यामुळे शाळा सुटली असताना, वाचनालयातले पुस्तक पाहून सायकलच्या सुट्या भागांची पवनचक्की केली आणि घरात दिवा लावला. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडी पठारांवर मोठ्या पवनचक्क्यांच्या रांगा आपण सहलीत पाहिल्या आहेत. या सगळ्या ठिकाणी एक तर वारा उघडा आहे, किंवा दुसरी वीज दारात नव्हती, किंवा दोन्ही. आपल्या दारात वीज आहे, आणि वारा उघडा नाही.

मग ठेवीचे काय करावे, असे अध्यक्षीणबाईंनी मला मुद्दाम विचारायला सांगितले आहे. गच्चीवर ऊन मात्र भरपूर आहे, त्यावर मनोऱ्यांची सावली दुपारी तीननंतर येते. तेही मी वहीत लिहिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छतांवरील सौर विजेची जी योजना जाहीर केली, तीत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला अठरा हजार रुपये अनुदान ठेवले गेले. ते संस्थेला मिळते, महिला मंडळाला नव्हे. म्हणून हा विषय संस्थेच्या सर्वसाधारण सभेत न्यावा. मंडळाने आपला हिस्सा देऊन जिन्यातल्या दिव्यांबरोबर आपल्या खोलीचेही बोलून घ्यावे. ते लेखी घ्यावे, हे मी पदरचे सांगते.

मात्र एक गैरसमज आधीच दूर करते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, आठवते ना? छतावर सौर तबकड्या असल्या की असे दिवस सुखाचे जातील असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. बाहेरच्या विजेला जोडलेल्या साध्या तबकड्या बाहेरची वीज गेली की आपणहून बंद होतात. तशा बंद झाल्या नाहीत तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसेल. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरी निराळी घ्यावी लागते. आपल्या खोलीपुरते चार दिवे, एक पंखा आणि मोबाईल भरायची सोय एवढ्याला लहान बॅटरी पुरेल. इमारतीतल्या ज्या तीन घरांत इन्शुलिन किंवा वाफारा घ्यायचे यंत्र आहे, त्यांनी अशा वेळी मंडळाच्या खोलीचा उपयोग करावा, असे माझे सुचवणे आहे. त्यासाठी ठेव मोडावी लागणार नाही, यंदाच्या फराळाच्या नफ्यातून होईल.

त्या गृहस्थांना काय कळवायचे ते कार्यकारिणीने ठरवावे. कुणाला वाटले की माझे आकडे चुकले असतील, तर वायुमापक मी मंडळाच्या कपाटात ठेवून जाते आहे. बांबू टाकीजवळ आहे. वहीची उरलेली पाने कोरी आहेत. सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा, या वेळा मात्र चुकवू नका.